मोडक्या कंगव्यांचे बैल

मास्तरकीच्या नोकरीसाठी कारंजा गावात बिऱ्हाड करून आम्हाला जेमतेम दोन दिवस झाले होते. लग्न होऊन महिना. सकाळी दार वाजलं म्हणून उघडलं, तर धोतर, काळी टोपी आणि खांद्याला पिशवी अशा थाटात एक उंच गृहस्थ उभे. ओळख ना पाळख. त्यांनी माझ्या खांद्यावरून घरात एक नजर टाकली आणि मोठ्या आशेनं विचारलं, "मास्तर, तुमच्या घरी काही मोडलं काय?"

मागे सरलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, "अगं बाई!" म्हणून कपाळाला हात लावला. नव्या संसारात पाऊल पडत नाही तोच मोडण्याची चौकशी! मी गडबडून म्हटलं, "नाही हो, अजून तरी नाही."

"काही हरकत नाई," गृहस्थ माझी समजूत घालत म्हणाले. "नवा संसार हाये. मोडन हळूहळू."

हे आमचे शेजारी नथ्थूजी. भिंतीला भिंत लागून घर. धान्याच्या बाजारात मापारी होते. माप घालताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही मापाऱ्यांची रीत. नथ्थूजी घरी मोडक्या कंगव्यांचे तुकडेही तसेच मोजत. "लाभ, दोन, तीन..." ऐकणाऱ्याला वाटावं, घरात तुरीची रास पडली आहे.

स्वातंत्र्य मिळून पाचसात वर्षं झाली होती आणि प्लास्टिक आमच्या बाजारात नुकतंच दिसायला लागलं होतं. रंगीत कंगवे, साबणाच्या डब्या, दात घासायचे ब्रश, बटणं, बांगड्या. लोक हौसेनं घेत आणि मोडलं की उकिरड्यावर फेकत. पितळ मोडलं तर मोडीत जातं, लुगडं फाटलं तर गोधडीत जातं, लाकूड मोडलं तर चुलीत जातं. मोडक्या प्लास्टिकचं काय करायचं, हे कारंज्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. एकट्या नथ्थूजींना ठाऊक होतं. ते त्याच्या मूर्ती करत.

"मोडलं म्हंजे कामातून सुटलं," ते म्हणत. "आता त्याले मौज करू द्या."

घरात शिरलं की चिमणी पेटवायची, तिच्यावर दाभण तापवायचं, तुकड्याला भोक पाडायचं आणि तारेनं एकाला एक जोडायचं. ब्रशाची दांडी धगीवर धरून हवी तशी वाकवायची. कंगव्यांचे दात पसरून मोराचा पिसारा व्हायचा, बटणांचे डोळे व्हायचे. सगळंच काही साधत असे असं नाही. त्यांनी एकदा सिंह केला होता. गल्लीतलं कुत्रं त्याला पाहून पळालं, असं ते शपथेवर सांगत. आम्हाला मात्र ती शेळी वाटली. मारुतीला त्यांनी लाल ब्रशाची शेपटी लावली, तेव्हा नमस्कार करावा की करू नये, यावर गल्लीत दोन तट पडले होते.

काही कंगवे तर असे असत की चिमणीजवळ नेले की भुर्रकन पेटत. त्यांना नथ्थूजी 'भडक्या' म्हणत. एका भडक्यानं एकदा त्यांची डावी मिशी नेली. गडी तसाच अर्ध्या मिशीनं बाजारात मापं घालायला गेला. मी म्हटलं, "अहो, उरलेली तरी काढून टाका."

"काहून?" नथ्थूजींना खरंच नवल वाटलं. "थे तं चांगली हाये!"

सरलाचा मात्र त्यांच्यावर राग. रोज उठून दारात येऊन मोडलं का, फुटलं का विचारायचं म्हणजे अपशकून नाही तर काय! तिची केसांची चिमटी मोडली, तर तिनं ती तांदळाच्या डब्यात लपवली. पण नथ्थूजींना वासच लागत असावा. चार दिवसांनी ती त्यांच्या एका बगळ्याची चोच होऊन खिडकीत उभी. सरलानं मला फैलावर घेतलं. चिमटी मीच दिली होती, हे मला आता सांगायला हरकत नाही.

नथ्थूजींच्या घरात दोनच माणसं. ते आणि त्यांची भाची शकू. बहीण वारली तेव्हा शकू दोन वर्षांची होती. नथ्थूजींनी तिला कडेवर घेऊन आणलं आणि मग स्वतःचं लग्न करायचं राहूनच गेलं. शकू अठराची झाली, चुणचुणीत, मामाच्या प्रत्येक मूर्तीला नावं ठेवणारी. तिची सोयरीक इंझोरीला जमली. तुळशीरामजी म्हणून शेतकरी, घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा निर्व्यसनी.

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, नथ्थूजींनी मलाही नेलं. चार माणसांत मास्तर शोभतो म्हणून. सगळं छान चाललं होतं. व्याही स्वागताला उठले, त्यांचा चष्मा नाकावरून घसरला आणि त्यांच्याच पायाखाली कडकन मोडला. सगळे "अरे अरे" करू लागले. एकट्या नथ्थूजींचे डोळे चमकले. मी त्यांना चिमटा काढून हळूच म्हटलं, "नथ्थूजी, आधी सोयरीक होऊ द्या."

ते शहाण्यासारखे गप्प बसले. परतताना मोटारीत मात्र त्यांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला, आणि आत ती काळी गोल फ्रेम. "त्याहीनं केरात टाकली होती. म्या उचलली."

लग्न जवळ आलं तसा रुखवताचा प्रश्न उभा राहिला. घरात बाईमाणूस नाही. सरला आणि गल्लीतल्या बायकांनी करंज्या, पापड, कुरडया आपण करू म्हणून सांगितलं. नथ्थूजींनी हात जोडले, पण मधली जागा त्यांची, एवढं बजावून ठेवलं. महिनाभर त्यांच्या घरातून जळका वास येत होता.

"माय नाई पोट्टीले," एकदा ते मला म्हणाले. "मामानं पोट्टी उघडी पाठवली, असं कोनी म्हनू नये. रुखवत पाहून इहिनीनं तोंड वाकडं केलं, तं पोट्टीले जनमभर आयकाव लागन."

"मामा, लोकं हासतीन," शकू म्हणाली.

"हासू दे. रडन्यापेक्षा बरं."

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडलं. करंज्यांच्या आणि पापडांच्या ताटांमध्ये हातभर लांबीची एक बंडी, म्हणजे बैलगाडी, उभी होती. साबणाच्या डब्यांची बसायची साटी, ब्रशांच्या दांड्यांचं जू, आणि पुढे कंगव्यांचे दोन बैल. दातांच्या बरगड्या, बटणांचे डोळे, मानेवर बांगड्यांच्या तुकड्यांची माळ. खरं सांगतो, मी ती वाकून दोनदा पाहिली. शेळीसारखा सिंह करणारा माणूस हाच का, असं झालं.

वरपक्षाच्या बायका पाहायला आल्या. आधी कुजबूज, मग पदराआड हसू. "वो बाई, हा तं तुटका कंगवा!" एकीनं म्हटलं. तेवढ्यात विहीणबाईंची नजर चाकांवर गेली. काळी गोल चाकं, एकाला लाल दोरा गुंडाळलेला. तो दोरा त्यांनीच कधीतरी नवऱ्याच्या चष्म्याला गुंडाळला होता.

"हे तं आमच्या घरचं हाये," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "आमच्या घरचा केर आमालेच रुखवतात मांडला काय?"

मांडव गार पडला. वाजंत्री तेवढी वाजत होती. शकूनं मान खाली घातली. नथ्थूजी पुढे आले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. सरला माझा दंड धरून उभी होती आणि तिची नखं मला रुतत होती.

तुळशीरामजींना बोलावणं गेलं. ते आले, नाकावरचा नवा चष्मा नीट बसवला, आणि बंडीपुढे उकिडवे बसले. बोटानं बंडी पुढे ढकलली. चाकं फिरली. बैलांच्या माना हलल्या. त्यांनी पुन्हा ढकलली. मग डाव्या बैलाचं शिंग बोटात धरलं. ते खाली वाकलेलं होतं, डोळ्यापर्यंत आलेलं.

"अरे!" ते ओरडले. "हा तं आपला बांड्या हाये!"

कोणालाच काही कळेना.

"पाहा न! डावं शिंग पाहा! आन हा उजवा, याचा कान फाटका हाये, हा लखमन!" ते आता मांडीच घालून बसले. "नथ्थूजी, तुमी एकच डाव आले होते आमच्या घरी. आमचे बैल कवा पाह्यले?"

"तुमी चहा आनाले सांगतला होता," नथ्थूजी कसेबसे म्हणाले. "तवा गोठ्यात गेलो होतो. पोट्टीले नेनार कोन, थे पाहून घ्याव म्हनलं."

तुळशीरामजी हसत सुटले. त्यांनी अख्खं वऱ्हाड गोळा केलं. गडी, पाहुणे, वाजंत्रीवाले, सगळे येऊन बांड्याचं शिंग पाहून गेले. शेवटी विहीणबाईही वाकल्या. रंगाला नाव ठेवत म्हणाल्या, "बांड्या याच्यापक्षा काया हाये," आणि मग त्याही हसल्या. पाठवणीच्या वेळी बाकीचं रुखवत पेटीत गेलं, पण ती बंडी तुळशीरामजी इंझोरीपर्यंत मांडीवर घेऊन गेले.

गल्ली आठ दिवस दुसरं काही बोलली नाही. नथ्थूजींचा मान वाढला. लोक आपण होऊन मोडक्या वस्तू आणून देऊ लागले. आणि नथ्थूजी म्हणत, "ठेवा तिकडं."

पिशवी खुंटीला लटकली ती लटकलीच. सकाळी बाजार, संध्याकाळी घर, दार बंद. कोणाचं काही मोडलं का, हे त्यांनी विचारणं सोडलं. मी एकदा विषय काढला, तर ते पायरीवर बसून टोपीशी खेळू लागले.

"करू कायले मास्तर? पोट्टी होती तं पाह्ये. कान मोठे झाले, शेपूट आखूड झालं, सांगे. आता केलं तं पाह्यनार कोन? घर लय मोठं झालं वो."

आमच्या दारात सरला पीठ चाळत होती. तिचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी वाचत बसलो होतो. सरलानं फळीवरून नवा कंगवा काढला. हिरवा, मी अकोल्याहून आणलेला, सणावारासाठी तिनं जपून ठेवलेला. दोन्ही हातांनी धरला आणि काडकन मोडला. मी आ वासून पाहतच राहिलो. ती दारात जाऊन हाक मारू लागली, "नथ्थूमामा! अहो, आमच्याकडे मोडलं बघा काहीतरी!"

पलीकडचं दार जरा वेळानं उघडलं. नथ्थूजी आले. त्यांनी दोन्ही तुकडे हातात घेतले, उजेडात धरले, दातांवरून बोट फिरवलं. तेलाचा डाग नाही, एक केस नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात पाहिलं.

"केस विंचरता विंचरता मोडला," सरला म्हणाली.

नथ्थूजींचे डोळे भरून आले. मग ते हसले.

"मोडाचाच होता, तं जुना मोडाचा न सूनबाई," ते म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच चपला काढून आत आले आणि मांडी घालून बसले.