निरवांगीच्या म्हसोबाचे कार्यक्षेत्र

देव किती आहेत हा प्रश्न मूलतः श्रद्धेचा नसून कार्यक्षेत्राचा आहे. प्राचीन हिब्रू लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. शेजाऱ्यांचे देव खोटे, असं ते सुरुवातीला म्हणत नसत. मवाबचा देव मवाबात, अरामचा अरामात (इथे कोटी अभिप्रेत नाही) आणि आपला आपल्या मुलखात. आपल्या माणसाने दुसऱ्याच्या देवापुढे वाकायचं नाही, एवढीच अट. बारामतीत इतिहास शिकवणारे प्रा. आनंद या विषयातले तालुक्यातले सर्वात मोठे जाणकार होते. (दुसरे कोणी नव्हते.)

त्यांच्या आई तुळसाबाई निरवांगीला राहत. गुडघे गेले, तेव्हा आनंदने त्यांना बारामतीच्या फ्लॅटवर आणायचं ठरवलं. त्या तयार झाल्या, पण मळ्यातल्या म्हसोबापुढची दोन गोण्या माती सोबत येणार, या बोलीवर.

"आई, माती कशाला?"

"त्येची हद वढ्यापतुर. पल्याड त्येचं काय चालत न्हाय. माती आसली की बसल्या जागी त्येचाच मुलूख."

निघताना त्या म्हसोबापुढे उभ्या राहिल्या. "देवा, तितं दुसऱ्याच्या आरतीला उभं ऱ्हावं लागंल. टाळ्याबी वाजवाव्या लागतील. ल्येकाच्या शेजाऱ्यांचं मन राखाया पायजे. राग धरू नगंस." म्हसोबाने हरकत नोंदवली नाही.

मातीने भरलेल्या युरियाच्या दोन गोण्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत विराजमान झाल्या. रोज सकाळी तुळसाबाई मातीवर पाय टेकून म्हसोबाशी बोलत बसत. गुडघे सुधारू लागले. (फिजिओथेरपिस्टही येत असे, त्याची कोणी दखल घेतली नाही.)

मग सोसायटीचे अध्यक्ष दादासाहेब आले. गॅलरी एवढ्या वजनासाठी बांधलेली नाही, म्हणाले, आणि प्राध्यापकाच्या घरी हे काय?

"कुंड्यांसाठी आणलीय," आनंद म्हणाला. आई दारातच उभी होती. तिने आत जाऊन दादासाहेबांसाठी चहा टाकला. तेच त्याला जास्त लागलं.

त्याच आठवड्यात त्याचं व्याख्यान झालं, अध्यक्षस्थानी दादासाहेब. आनंदने अरामच्या सेनापतीची हकीकत सांगितली. त्याचा कातडीचा रोग इस्राएलच्या देवाने बरा केला. त्याने काय मागितलं? दोन खेचरांवर मावेल एवढी तिथली माती! घरी त्या मातीवर त्याच देवाला भजता यावं म्हणून. आणि आपल्या राजाबरोबर त्याच्या देवळात मान तुकवावी लागेल, त्याची माफी त्याने आधीच मागून ठेवली. आनंदने दोन्ही हात पसरले. "केवढी ही श्रद्धा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. दादासाहेबांनी डोळे पुसले.

परतताना गाडीत ते म्हणाले, "खेचरांवरून माती! काय लोक होते! बरं, त्या गोण्यांचं कधी बघताय?"

दुसऱ्या दिवशी आई डॉक्टरकडे गेल्याचं बघून आनंदने वॉचमनकरवी ती माती आवारातल्या हिरवळीवर पसरवली. आधी हायसं वाटलं, मग दुपारचं जेवण गेलं नाही. आई आल्यावर त्याने सांगून टाकलं.

तुळसाबाईंनी रिकाम्या गॅलरीत जाऊन खाली हिरवळीकडे पाहिलं. मग विचारलं, "समदी पसरली?"

"हो."

"गेटापतुर?"

"हो."

"मग बेस झालं. समदी सोसायटीच त्येच्या हद्दीत आली. आता आखाडात कोंबडं लागंल."

हे त्यांनी वॉचमनलाही सांगून ठेवलं. सोसायटी नियमाने शाकाहारी होती. तातडीची सभा बोलावण्यात आली. उपस्थिती पूर्ण. (यापूर्वीचा उच्चांक चहासह नऊ.) 'सदर म्हसोबाचा या आवारावर कोणताही हक्क नाही' असं निवेदन एकमताने मंजूर झालं. सह्या तेवढ्या राहिल्या. दादासाहेब म्हणाले, अध्यक्षाची सही शेवटी असते. खजिनदारांच्या मुलीची बारावी होती. एकांनी नुकतीच गाडी घेतली होती. म्हसोबा कोणीच मानत नव्हतं. अडचणी घरगुती होत्या.

सगळे आनंदकडे वळले. त्याने पेन उचललं. मागच्या खुर्चीवर आई गुडघा चोळत बसली होती. सेनापतीच्या मातीला टाळ्या मिळाल्या होत्या, हिच्या मातीला निवेदन.

"ती माती कुंड्यांसाठी नव्हती," तो म्हणाला. "आईने तिच्या देवासाठी आणली होती. मी खोटं बोललो." आणि त्याने पेन खाली ठेवलं.

"आनंदा, चल घरी," तुळसाबाई म्हणाल्या. "भूक लागली आसंल तुला."

आखाड तोंडावर आला आहे. निवेदन वॉचमनच्या केबिनमध्ये सहीसाठी ठेवलं आहे. बाहेरच्या, निःपक्षपाती, असल्या गोष्टी न मानणाऱ्या सुशिक्षित व्यक्तीची पहिली सही चालेल, असं समितीने ठरवलं आहे. तेव्हा वाचकहो, जरूर यावं. पेन तिथेच दोरीने बांधलेलं आहे. फक्त येताजाता हिरवळीवरून चालावं लागतं. पायाला माती चिकटते. आपल्या सोसायटीत कोंबडं चालतं ना, तेवढं आधी विचारून ठेवावं.