कवडूकाकांचं उंच दार

आमच्या शेजारचे कवडूकाका जेमतेम पाच फूट. त्यात अलीकडे पाठीलाही थोडा बाक आलाय. तरीही हा माणूस कुठल्याही दारातून शिरताना मान खाली घालून वाकतो. आमच्या मोहाडीच्या तहसील कचेरीच्या दारातून बैलगाडी जाईल, पण काका तिथेही वाकतात. नव्या शिपायाला वाटतं, म्हातारा फार नम्र आहे. नम्रतेची आणि काकांची गाठ कधी पडलेली नाही.

ही सवय त्यांना लेकीपायी लागली. शुभांगी शाळेत असतानाच गल्लीतल्या सगळ्या पुरुषांच्या डोक्यावरून पलीकडचं बघू लागली. मग प्रत्येक दाराशी काका पुढे होऊन "डोकं!" असं ओरडायचे आणि स्वतः वाकून दाखवायचे. ती आता पोर्तुगालमध्ये बास्केटबॉल खेळते, चांगला पगार घेऊन. तिच्या कपाळावर एक जुना व्रण आहे. तिकडच्या वार्ताहरानं तो कुठल्या सामन्यातला म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, आमच्या पुढच्या दारातला. काकू वारल्या, लेक परदेशी गेली, घरात काका आणि त्यांचा हातमाग उरले. वाकणं मात्र सुटलं नाही.

तिच्या कारकिर्दीचं सगळं श्रेय काका स्वतःकडे घेतात. शुभांगीनं अंगणातल्या कडुनिंबाला लोखंडी रिंग ठोकली, तेव्हा जाळी विणायला काकाच बसले. हात विणकराचा. धागे मोकळे लोंबत सोडणं त्याला कसं जमणार? त्यांनी जाळीला खालून चांगलं घट्ट बूड विणलं. पहिलाच बॉल आत गेला आणि तिथेच बसला.

"बाबा, जाळी खालून उघडी पाहिजे!"

"बिनबुडाची जाळी कोण विणते वं? लोकं हासतीन मले. आपलं काम पक्कं असते."

आपलं काम पक्कं असते, हे काकांचं ब्रीद. जाळी काही बदलली नाही. मग शुभांगी दर वेळी उंच उडी मारायची आणि खालून ढुशी देऊन बॉल बाहेर काढायची. "पोट्टीची उडी कायनं वाढली? माह्या जाळीनं!" असं काका आठवडी बाजारात वांगी निवडता निवडता सांगतात. भाजीवाली बिचारी दर आठवड्याला नव्यानं चकित होते.

खेळ मात्र त्यांना अजून पटलेला नाही. मी त्यांना मोबाइलवर सामने दाखवतो. पोरी या टोकाकडून त्या टोकाला धावतात, पुन्हा परत येतात. मागावर धोटा फिरावा तशी काकांची मान इकडून तिकडे फिरते. सामना संपला की ते विचारतात, "एवढ्या येरझारा झाल्या, कापड किती निघालं?"

यंदा शुभांगीचा करार संपत होता. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, त्या मंडईला ती कायमची घरी येणार, हे जवळजवळ ठरलंच होतं. काकांना काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी मिस्त्री बोलावला आणि घराचं पुढचं दार वरून फोडायला घेतलं.

"काहून फोडून राहिले, काका?" मी विचारलं.

"पोट्टी आपल्याच घरात चोरावानी वाकून येते. मले पाहवत नाही."

दार पार छपरापर्यंत पोचलं. गल्ली बघायला जमली. कुणीतरी विचारलं, "काका, हत्ती घेऊन राहिले का?" काका दिवसभर खूश होते.

चौकट बसली त्याच दुपारी शुभांगीचा व्हिडिओ कॉल आला. फोन नेहमीप्रमाणे माझ्या हातात.

"बाबा, क्लबवाले अजून दोन वर्षं राहा म्हणतात. कॅप्टन करतो म्हणतात." ती अडखळली. "पण तुमी म्हणसान तर येऊन जाते मी. मले कायीच वाटणार नाही."

काकांनी मला हातानं खूण केली, फोन फिरव. मी तो नव्या दारापासून वळवून भिंतीकडे केला.

"ठोकाठोक कायची होऊन राहिली बाबा?"

"बाजूवाल्याची भिंत पडली. कच्चं काम!" काका माझ्याकडे बघून म्हणाले. मी निमूटपणे मान डोलावली.

"अन् आपलं दार?"

"आहे तसंच आहे. बुटकं. येशीन अन् कपाळ फोडून घेशीन. त्यापरीस तिकडेच खेळजो. आपलं काम पक्कं असलं पाहिजे."

ती हसली, मग डोळे पुसत "बरं" म्हणाली. फोन बंद झाला. काका खांद्यावरच्या दुपट्ट्यानं नव्या चौकटीवरची धूळ पुसत उभे होते.

मिस्त्रीनं सगळं ऐकलं होतं. तो हळूच म्हणाला, "काका, मंग चौकट खाली घेऊ का? पावसाचं पाणी आत येईन."

"राहू दे," काका म्हणाले. "दोन वर्षात पोट्टीची उंची कमी होते का?"

आणि त्या छपराला टेकलेल्या दारातून ते वाकून आत गेले.