उभ्याने तयारी

चार दिवसांची सायकल सहल? हॅ! त्यात तयारी कसली करायची? कॉलेजात असताना मी डबलसीट चढ चढायचो, आणि मागे बसणारा मित्र काही कापसाचा नव्हता. माणूस तोच, पाय तेच. मधे फक्त काही वर्षं गेली आणि पोट जरा पुढे आलं, एवढंच!

हे मी लेकीला ऐकवलं, कारण विषय तिनेच काढला होता. पुढच्या महिन्यात ती नोकरीसाठी दूर जाणार होती. जेवता जेवता, ताटातली नजर वर न उचलता म्हणाली, "बाबा, मी जायच्या आधी सायकलवर लांब कुठेतरी जाऊया? चार दिवस. आपण दोघंच."

या पोरीने कित्येक वर्षांत माझ्याकडे वायफायच्या पासवर्डखेरीज काही मागितलं नव्हतं. घास गिळायच्या आधीच मी हो म्हणालो.

"पण शरीराला सवय लावायची हं. एक दिवस चालवायची, एक दिवस आराम. आणि दुखलं तर लगेच सांगायचं."

"दुखेल ते तुझं!"

बायको पाणी ओतता ओतता थांबली. "अहो, परवा मोजे घालताना कंबर कुणाची धरली होती?"

असल्या प्रश्नांना मी उत्तरं देत नसतो.

आराम हा शब्द मला पहिल्यापासूनच पटत नाही. त्यामुळे आरामाच्या दिवशीही मी पहाटे गुपचूप सायकल काढायचो. पायांना काहीच झालं नाही हो! झालं ते पायांच्या वर, मागच्या बाजूला. आठवड्याभरात अशी पाळी आली की खुर्चीवर टेकलो तरी तापलेल्या इस्त्रीवर बसल्यासारखं व्हायचं. पण लेकीला सांगावं तर सहलच रद्द! मग काय, दात आवळून हसत राहिलो.

घरी निभावलं. पण विमा कंपनीच्या ऑफिसात दिवसभर उभ्याने फायली तपासणारा माणूस लपणार कसा? माझ्या शेजारच्या टेबलावर ज्याला आम्ही 'वार्ताहर' म्हणतो तो बसतो.

"बसा की!"

"नको, असंच बरं आहे."

"कधीपासून?"

"झाला आठवडा."

तो जवळ सरकला. "आणि रक्त?"

मला वाटलं, रक्तदाबाचं विचारतोय. "थोडं जास्तच आहे," मी म्हणालो.

त्याने डोळेच मिटून घेतले.

दुपारच्या डब्यापर्यंत अख्ख्या ऑफिसने मला मूळव्याध बहाल केली होती! कॅशियरबाईंनी पपई दिली. टायपिस्टने मधे भोक असलेली उशी आणली. ज्यांच्याशी जिन्यात मान हलवण्यापलीकडे माझी ओळख नव्हती, ते येऊन कानात आपापली दुखणी सांगून जाऊ लागले. शेवटी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"उभेच राहा," ते हळूच म्हणाले. "माझं ऑपरेशन झालंय. ऑफिसात कुणाला बोललो नाही. बायकोला सांगितलं, कामासाठी बाहेरगावी जातोय. तिकडे दवाखान्यात एकटाच पालथा पडून होतो. फार वाईट वाटायचं हो." चष्मा पुसत ते पुढे म्हणाले, "तुम्ही लपवू नका. हवी तेवढी रजा घ्या."

आता यावर कुठल्या तोंडाने सांगणार, की साहेब, मी सायकलचा सराव करतोय? रजा घेऊन मुकाट्याने बाहेर आलो. साहेबांचा तो पालथा एकटेपणा मात्र डोक्यातून जाईना.

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. लेकीने दार उघडलं. दारात सफरचंदं घेऊन वार्ताहर!

"बाबांचं ऑपरेशन कधी आहे?"

"ऑपरेशन?" लेकीचा चेहरा पांढराफटक पडला.

नेमका तेव्हाच मी आतून आलो. अंगात नवी गादीवाली सायकलची चड्डी. त्याला पाहून मी आत पळायला वळलो, तर वार्ताहराने मला मागून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा! केवढं हे ड्रेसिंग!"

मग सगळं सांगावंच लागलं. सायकल, सीट, पहाटेच्या चोरट्या फेऱ्या, सगळं. बातमी अशी हातची गेल्यावर वार्ताहर हिरमुसला. एक सफरचंद स्वतःच खाल्लं आणि गेला.

लेक खिडकीशी उभी होती. मला वाटलं, आता माझी खैर नाही. मग लक्षात आलं, सोफा मोकळा, दोन खुर्च्या मोकळ्या, आणि ही उभी!

"तू का गं उभी?"

"असंच बरं आहे."

"कधीपासून?"

ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायलाच लागली. मी पहाटे सायकल घेऊन पळायचो, तर ही संध्याकाळी! "मला वाटलं, दुखतंय म्हटलं तर तू म्हणशील, हिला चार दिवस सायकल झेपत नाही, ही परक्या गावात एकटी काय राहणार?"

"आणि मला वाटलं, मला सोडून तू मैत्रिणीला नेशील."

आतून बायकोचा आवाज आला, "आठवडाभर आपापल्या वेळी येऊन दोघं ओट्याशी उभ्याने जेवताय. मला वाटलं, हीसुद्धा तयारीच!"

त्यानंतर आम्ही खरी तयारी केली. म्हणजे, आरामाच्या दिवशी आराम केला. सोप्पं नसतं ते! उताणं पडून राहिलं की मनात येतं, महिन्याभराने या घरात एक खोली रिकामी असेल. सायकल चालवताना हे विचार गाठत नव्हते. म्हणूनच कदाचित मला आराम नको होता.

साहेबांनाही खरं सांगून टाकलं. त्यांनी पुन्हा दार लावून घेतलं. मग म्हणाले, "काल मीही घरी सांगितलं. तिला सगळं आधीच माहीत होतं!" (हे तुमच्या-माझ्यातच ठेवा बरं का!)

सहलीच्या पहिल्याच दिवशी मोठा चढ लागला. अर्ध्यावर लेक म्हणाली, "बाबा, दमले मी."

"मीपण!" इतक्या आनंदाने मी हा शब्द आयुष्यात उच्चारला नसेल. दोघंही उतरलो आणि सायकली ढकलत, तिच्या नव्या जागेबद्दल, तिला वाटणाऱ्या भीतीबद्दल, आमच्या काळजीबद्दल बोलत चालू लागलो. आता एकमेकांपासून काही लपवायचं नाही, असंही ठरलं.

तेवढ्यात मागून कुरकुर आवाज आला. एक पिकल्या केसांच्या आजी, जुनीपुराणी अवजड सायकल, हँडलला दोन्हीकडे भाजीच्या पिशव्या. आमच्याजवळ येऊन त्यांनी काळजीने विचारलं,

"काय झालं रे? पंक्चर का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"हो!" दोघंही एकदमच म्हणालो.

"दोन्ही?"

"दोन्ही!"