शकूताईंच्या पर्सा आणि माझं नाक

सकाळी मी दाढी करत असताना बेल वाजली, की आमच्या घरात 'कोण आहे' असं कुणी विचारत नाही. दार उघडायचं. समोर शकूताई दातार उभ्या असतात. हातात कुणाची तरी जुनी पर्स, चेन उघडलेली, तोंड आपल्याकडे. प्रश्न ठरलेला.

"जोगळेकर, नाक रिकामं आहे का?"

असो वा नसो, नाक पर्समध्ये घालावं लागतं. मग दहापैकी मार्क द्यायचे. कसलाच वास नसेल तर दहा. सुगंध आला तरी मार्क कापायचे. जुन्या पर्सवर अत्तर मारणाऱ्यांचा त्यांना भारी राग. "वासावर वास म्हणजे भांडणावर भांडण," त्या म्हणतात. "आधीचं मिटत नाही ते नाहीच."

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहतात. एका शाळेच्या कचेरीतून निवृत्त झाल्या. लग्न झालं नाही की केलं नाही, ते कुणाला नक्की माहीत नाही. विचारणारा अजून जन्माला यायचा आहे.

रविवारी त्या जुन्या बाजारात जातात आणि वापरलेल्या पर्सा घेऊन येतात. घासाघीस करण्याची पद्धत त्यांची स्वतःची. पर्स उघडून विकणाऱ्याच्याच नाकाशी धरायची. "घ्या वास. तोंड वाकडं झालं तर भाव कमी." हा मला त्यांचा पुणेरी खाक्या वाटायचा.

घरी आल्यावर पर्सचं अस्तर उलटं करून झटकायचं, व्हिनेगरच्या पाण्याने पुसायचं. मग खाण्याच्या सोड्याची पुरचुंडी आत ठेवून पर्स कोळशाच्या डब्यात बंद करायची. कापडाला ऊन, चामड्याला सावलीतला वारा. त्यामुळे त्यांच्या गॅलरीत कायम पर्सा लोंबकळत असतात. एका कुरिअरवाल्याने दुकान समजून भाव विचारला, तर म्हणाल्या, "विकायच्या नाहीत. वास घेणार असाल तर वर या." तो पुन्हा आमच्या गल्लीत दिसला नाही.

पर्सा खरोखरच विकायच्या नसतात. आमच्या भागात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी गावोगावच्या मुली खोल्या करून राहतात. त्यातली एखादी तोंडी मुलाखतीपर्यंत पोचली, की तिच्याकडे साडी असते, कागदपत्रं असतात, आणि ती ठेवायला कापडदुकानाची पिशवी असते. ते शकूताईंना बघवत नाही. "माणूस आधी पर्स खुर्चीशेजारी ठेवतो, मग तोंड उघडतो," असं त्यांचं म्हणणं. मुलाखतीला पर्स द्यायची. नोकरी लागली, पहिल्या पगारात मुलीने स्वतःची घेतली, की ही परत पाठवायची, पुढचीसाठी. एवढीच अट.

पौर्णिमा यवतमाळची. शकूताईंकडे येऊन-जाऊन तिला तीन वर्षं झाली होती. अभ्यास त्यांच्या स्वयंपाकघरात, भांडण त्यांच्याशी, चहा त्यांचा. तिची मुलाखत आली तेव्हा शकूताईंनी ठेवणीतली तपकिरी चामड्याची पर्स काढली. पर्स देखणी होती, पण आधीच्या घरात कुणीतरी सिगरेटी ओढत असावं. परवावर मुलाखत आलेली. दोघी आमच्या दारात.

"चार," मी म्हणालो.

माझ्या बायकोने, मेधाने, मागून कोपर मारलं. "अहो, पोरीचा धीर खचेल. सात म्हणा."

"चार आहेत तर चारच म्हणणार." मी हिशेब तपासनीस आहे. आहे ते लिहायचं, नाही ते लिहायचं नाही, एवढीच आमच्या धंद्याची रीत.

"काका, मले तं काहीच वास नाही येऊन राहिला," पौर्णिमा म्हणाली.

"तू तीन वर्षं मेसचं जेवतेस. तुझ्या नाकाचं काय घेऊन बसलीस?" शकूताई तिला म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "बाकीचे सगळे शेजारधर्म म्हणून आठ देतात, जोगळेकर. मुलाखतीच्या खोलीत शेजारधर्म नसतो."

दुसऱ्या दिवशी भाजलेल्या कॉफीची पूड आत गेली, वर्तमानपत्राचे बोळे गेले. संध्याकाळी मी सहा दिले. मेधा म्हणाली, "नाक तुमचं आहे की दातारांचं, ते एकदा ठरवून टाका."

मुलाखतीच्या सकाळी पुन्हा बेल. मागे पौर्णिमा, निऱ्या नीट बसलेल्या, चेहरा पांढरा. मी नाक पर्समध्ये घातलं. बाहेर काढलं. पुन्हा घातलं.

"काहीतरी करपल्याचा वास येतोय."

शकूताईंचा चेहरा उतरला. त्यांनी पर्स उलटी केली, अस्तर ओढून बाहेर काढलं, बोटांनी शिवण चाचपू लागल्या. "पर्समध्ये? करपल्याचा कसा येईल? कॉफीचा असेल. नाही देता येणार मग. पोरी, पिशवी आण तुझी."

त्यांच्या मागे त्यांचं दार सताड उघडं होतं आणि त्यातून धूर जिन्यात येत होता.

"काकू, दूध!" पौर्णिमा ओरडली आणि निऱ्या सावरत आत धावली.

शकूताई जागच्या हलल्या नाहीत. हातात उलटी पर्स. मी आधी धुराकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"त्या साथीच्या तापात गेला वास," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "परत नाही आला. तिला सांगू नका. पर्सवरचा भरवसा उडेल तिचा."

"आणि माझ्या नाकावर तुमचा भरवसा?"

"बायकोने कोपर मारलं तरी चारच म्हणालात," शकूताई म्हणाल्या. "आता ह्या धुरातून बाजूला व्हा आणि नीट सांगा."

मी पर्स घेऊन आमच्या गॅलरीत गेलो. मोकळ्या हवेत वास घेतला. मेधा बघत होती, पण तिने कोपर मारलं नाही. परत येऊन म्हणालो, "दहा." आणि ते दहाच होते.

पौर्णिमा निवडली गेली, वाशीमला रुजू झाली. काही महिन्यांनी अटीप्रमाणे पर्स पार्सलने परत आली. बेल वाजली.

"सहा," मी म्हणालो. "फार तर साडेसहा."

"मार्क नकोत. काय काय आहे ते सांगा."

असं काम मला कुणी सांगितलं नव्हतं. मी क्रमाने सांगू लागलो. खोबरेल तेल. डब्यातली लसणाची चटणी. एसटीतली धूळ.

"आणखी?"

"संत्र्याची साल."

"आणखी?"

मी पुन्हा नाक घातलं. "एक आहे, त्याचं नाव सांगता येत नाही. पावडरीसारखा, पण पावडर नव्हे. धुतलेल्या ओढणीसारखा, थोडा गोड."

शकूताईंनी डोळे मिटले होते. तीन वर्षं ती मुलगी त्यांच्या स्वयंपाकघरात बसत होती.

"असा येतो होय तिचा वास," त्या म्हणाल्या.

ती पर्स सोड्यात गेली नाही, कोळशाच्या डब्यातही नाही. पुढच्या मुलीला दुसरी मिळाली. तपकिरी पर्स त्यांच्या आतल्या खोलीत खुंटीवर आहे आणि अधूनमधून ती घेऊन शकूताई आमच्याकडे येतात. "अजून आहे का, बघा."

काल आल्या होत्या. मी वास घेतला. मेधाचं कोपर माझ्या बरगडीजवळ येऊन थांबलं. पण आहे ते सांगायचं, ही आमची रीत.

"आहे. पण कमी झालाय."

शकूताईंनी पर्स माझ्या हातातून घेतली आणि चेन अगदी शेवटपर्यंत ओढली.

"मग उघडणं कमी केलं पाहिजे," त्या म्हणाल्या.