साहेबांच्या कापडातल्या कोंबड्या

लेकीच्या बाळंतपणासाठी निघताना टेलरमास्तरांच्या बायकोने परसातल्या सहा कोंबड्या तेवढ्या त्यांच्यावर सोपवल्या. गाडीत बसल्यावरही तिने मान बाहेर काढून बजावलं, "अहो, घर धुळीने भरलं तरी चालेल. पण माझ्या माघारी त्यांच्यातल्या एकीचं जरी बरंवाईट झालं ना, तर बघा!"

मास्तरांनी हे फार मनावर घेतलं. ती असताना कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरत, माती उकरत, मातीतच लोळत. मास्तरांना हा शुद्ध हलगर्जीपणा वाटायचा, कारण शेजारचं मांजर कायम कुंपणावर टपलेलं असे. त्यांनी सगळ्यांना खुराड्यात घातलं, कडी लावली आणि अंधाराची भीती वाटू नये म्हणून दुकानातला मोठा दिवा आत टांगला. पुढ्यात दाणे, पाणी, डोक्यावर लख्ख उजेड. कोंबडीच्या जन्माला येऊन आणखी काय हवं असतं?

आठवडा उलटला नाही तोच पांढरीची पाठ उघडी पडली. शेपटीच्या वरची पिसं गायब आणि खाली लालभडक कातडी. नेमका तेव्हाच बायकोचा फोन.

"कशा आहेत हो सगळ्या?"

"मजेत," मास्तर म्हणाले.

मग ते खुराड्यासमोर बसून राहिले. आपसातच कुणीतरी चोच चालवतंय हे उघड होतं. त्यांचा संशय काळीवर गेला. काळी मान तिरकी करून एका डोळ्याने बघायची आणि ती नजर त्यांना पहिल्यापासून आवडत नव्हती. त्यांनी तिला उचललं आणि एकटीला टोपलीखाली कोंडलं. दुसऱ्या दिवशी पांढरीची आणखी पिसं गेली होती, तांबडीचीही जायला लागली होती. आता काळीला सोडावं, तर आपलं चुकलं असं होणार. मास्तरांनी तिला तशीच ठेवली.

"लागलेली जागा दिसली की बाकीच्या आणखी टोचतात," पेंड विकणारा दुकानदार म्हणाला. "पाठ झाका तिची."

झाकणं म्हटल्यावर मास्तरांना हुरूप आला. हा प्रांत त्यांचा होता. त्यांनी पांढरीच्या पाठीचं माप घेतलं आणि चिटाच्या तुकड्याचं छोटंसं झबलं शिवून पंखांखालून इलॅस्टिकने बसवलं. पण चिटावर तांबडी फुलं होती. दाणे समजून बाकीच्या तुटून पडल्या आणि संध्याकाळपर्यंत झबल्याच्या चिंध्या झाल्या. कापड साधं, गडद आणि दणकट हवं होतं. तसं दुकानात एकच होतं: न्यायाधीशसाहेबांच्या सुटातून उरलेलं, करडं, बारीक उभ्या रेघांचं. साहेब त्या शनिवारी निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या समारंभासाठी त्यांनी आयुष्यातला सगळ्यात भारी सूट शिवायला टाकला होता.

मास्तर त्या तुकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. उरलेलं कापड गिऱ्हाइकाला परत द्यायचं, हा त्यांचा बाणा होता. पण वीतभर कापडाने काय होतंय, असं म्हणून त्यांनी कात्री घातली.

झबलं झकास बसलं. पांढरीची पाठ झाकली गेली, म्हणून टोचणाऱ्यांनी मोर्चा तांबडीकडे वळवला. तांबडीला शिवलं, तर पाळी कबरीवर आली. असं करत मास्तरांनी सगळ्यांनाच शिवलं. टोपलीखालच्या काळीलाही शिवलं, कारण एकीलाच वगळणं त्यांच्या जिवावर आलं. रेघा मात्र प्रत्येकीच्या पाठीवर सरळ जुळवल्या होत्या. काम ते काम.

शुक्रवारी साहेब शेवटच्या ट्रायलला आले. उंच, ताठ, कमी बोलणारे. कोट अंगावर चढवून आरशासमोर उभे राहिले.

"रंग नीट कळत नाहीये. उजेडात बघतो," असं म्हणून ते मागच्या दाराकडे वळले.

"साहेब, तिकडे नको! तिकडे... ओल आहे!"

पण साहेब परसात पोचले होते. खुराडं झाडायचं म्हणून मास्तरांनी सकाळीच कोंबड्या बाहेर काढलेल्या. साहेबांनी आधी आपली बाही पाहिली. मग समोर पाहिलं. पाच कोंबड्या त्यांच्याच सुटात उभ्या होत्या.



"यांची मापं कधी घेतलीत?" साहेबांनी विचारलं.

"मंगळवारी, साहेब."

"उरलेलं कापड कुणाचं असतं, मास्तर?"

"गिऱ्हाइकाचं, साहेब."

"ठीक." साहेबांची नजर टोपलीकडे गेली. "त्यात कोण आहे?"

"काळी. हे सगळं तिनंच केलंय, असा माझा... म्हणजे..."

"पुरावा?"

"तिची नजर वाईट आहे, साहेब."

"तिला कोंडल्यावर टोचाटोची थांबली?"

"नाही."

"मग ती आत का?"

साहेबांनी स्वतः वाकून टोपली उचलली. काळी बाहेर आली, पंख झटकले आणि साहेबांच्या कोटाला ट्रायलसाठी कच्च्या टाक्यांनी लावलेली खिशाची पट्टी, पांढऱ्या धाग्यासकट, उपटून पळाली.

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. मास्तरांनी गडबडीत तो बंद करायला बोट टेकवलं आणि तो सुरू झाला.

"अहो, नात जागी आहे, जरा कोंबड्या दाखवा तिला... अगंबाई! हे काय घातलंय त्यांच्या अंगात?" मग जरा वेळाने, "आणि मागं ते कोण उभे आहेत, कोंबड्यांच्या कापडात?"

साहेबांनी गळ्याचं बटण लावलं आणि फोनला नमस्कार केला.

मग मास्तरांना सगळं सांगावंच लागलं. कडी, दिवा, पांढरी, टोपली. बायको ओरडली नाही. "दिवसभर कोंडून, डोक्यावर दिवा पेटवून ठेवलात तर दुसरं काय करतील त्या?" ती म्हणाली. "त्यांच्या चोचीला काम हवं. मोकळ्या सोडा. एक कोबीचा गड्डा दोरीने टांगा उंचावर. आणि तो दिवा आधी काढा."

साहेब लक्ष देऊन ऐकत होते. "कोबी किती उंचावर?" त्यांनी विचारलं.

"उडी मारून चोच पोचेल एवढ्या," बायको म्हणाली.

मास्तरांनी रात्रीत नवा खिसा लावला. शनिवारी समारंभ पार पडला. भाषणं झाली, हार पडले. आणि सोमवारी सकाळी, कोर्टाच्या वेळेला, साहेब कोबीचा गड्डा घेऊन मास्तरांच्या दारात हजर झाले.

"टांगून बघू म्हटलं," ते म्हणाले.

मास्तर काय समजायचं ते समजले. साहेबांच्या घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, हे गावाला माहीत होतं. त्यांनी परसात खुर्ची टाकून दिली. साहेब रोज येऊ लागले. कोबी टांगायचे आणि गालावर हात ठेवून कोंबड्यांकडे बघत बसायचे. हळूहळू पाठींवर पिसांचे कोंब दिसू लागले. झबली एकेक करून उतरली. मास्तरांनी ती धुऊन, इस्त्री करून साहेबांना परत दिली.

बायको परतली ती सामान ओसरीवर टाकून थेट परसात गेली. सहाही कोंबड्या हाताळून पाहिल्या. मग खुर्चीतल्या साहेबांना म्हणाली, "फार केलंत हो आमच्यासाठी. फक्त त्या काळीवर डोळा ठेवा. भारी खोडसाळ जात आहे."

साहेबांची पाठ ताठ झाली. "तिच्याविरुद्ध पुरावा नव्हता. ती कोंडलेली असतानाही टोचणं चालूच होतं."

"चालू असणारच. सुरुवात हीच करते, बाकीच्या बघून शिकतात. गेल्या वर्षी दोनदा पकडलंय मी हिला, चोचीत पिसं असताना."

"म्हणजे मी तिला सोडलं ते..."

"चुकलं तुमचं," बायको म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

इतक्या वर्षांत साहेबांना हे कुणी तोंडावर म्हटलं असेल, असं मास्तरांना वाटेना. साहेब काळीकडे बघत राहिले. काळीनेही मान तिरकी करून त्यांच्याकडे एका डोळ्याने पाहिलं.

"मास्तर," साहेब हळूच म्हणाले, "नजर वाईटच आहे हो हिची."

आणि त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली.