अ ते ज्ञ ड्युटीचा तक्ता

डेपोच्या भिंतीवरचा ड्युटीचा तक्ता बावीस वर्षं मास्तर स्वतःच्या हाताने लिहीत आले होते. गुरुवारी संध्याकाळी तो पहिल्यांदा छापून निघाला. मास्तरांनी चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून तो डकवला, दोन पावलं मागे सरून पाहिला, मान तिरकी करून पुन्हा पाहिला आणि कॉलेजला उशीर होतोय हे लक्षात येताच पिशवी काखोटीला मारून धूम ठोकली.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. कोणत्या ड्रायव्हरने किती वाजता कोणती बस काढायची, हे ठरवणारे ड्युटीमास्तर. वय त्रेपन्न. वर्षापूर्वी त्यांनी संध्याकाळच्या कॉलेजात कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगला नाव घातलं, तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "मग डबे दोन द्यायचे का?" वर्गातली मुलं त्यांना काका म्हणत. शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्या थोरल्या मुलीहून दोन वर्षांनी लहान होत्या.

डेपोचे मॅनेजर मात्र खूश नव्हते. "सहाला सोडतो तुम्हाला," त्यांनी बजावलं होतं, "पण कामात एक घोळ झाला की कॉलेज बंद."

मंगळवारी मॅडमनी यादी वर्णक्रमाने लावायला शिकवलं आणि मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोज पहाटे चाळीस ड्रायव्हर एकमेकांच्या पायांवर उभे राहून तक्त्यात आपलं नाव हुडकत. ती नावं अ ते ज्ञ लावली तर? दोन दिवस खपून त्यांनी प्रोग्रॅम लिहिला. बटण दाबलं आणि नावं कवायतीला उभी राहावीत तशी एकाखाली एक लागली.

नावं हलली. नावांसमोरचे मार्ग मात्र जागचे हलले नाहीत. पण मास्तर अ ते ज्ञ बघून इतके हरखले होते, की उजवीकडे बघायचं राहूनच गेलं.

शुक्रवारी सकाळी सातला ते डेपोत शिरले, तेव्हा फोन केकाटत होता.

"मास्तर, मी दगडखाणीपाशी उभा आहे," पलीकडून घड्याळचा आवाज आला. हा ड्रायव्हर कधी मिनिटभरही चुकत नसे, म्हणून सगळे त्याला घड्याळ म्हणत. "इथे रस्ता संपलाय. पुढे जाऊ का?"

"पुढे कुठे जातोस? अरे, तू खाणीवर कशाला गेलास? तुझा मार्ग नदीकाठचा ना?"

"तक्त्यावर खाण लिहिलंय."

मास्तर धावत भिंतीपाशी गेले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मार्ग वर्षानुवर्षं ठरलेले. बदलायच्या त्या फक्त वेळा आणि सुट्ट्या. आता चाळीसच्या चाळीस ड्रायव्हर भलत्याच मार्गावर होते. आणि एकानेही विचारलं नव्हतं! कोणाला वाटलं शिक्षा झाली, कोणाला वाटलं बढती मिळाली. मास्तरांच्या तक्त्याशी हुज्जत घालायची पद्धतच नव्हती.

"परत बोलवा सगळ्यांना!" मॅनेजर ओरडले.

"बोलावतो साहेब. पण मग रस्त्यावर बस उरणार नाही."

मॅनेजर धपकन खुर्चीत बसले. "मग जाऊ दे तसंच. दिवस ढकला."

दिवस ढकलला तो प्रवाशांनी. दिवसाला चार शब्दही न बोलणाऱ्या मौनीबाबाला बाजाराचा मार्ग आला होता. तिथल्या गल्ल्या त्याने जन्मात पाहिल्या नव्हत्या. दर वळणावर त्याला मागे वळून विचारावं लागलं, "आता कुठे?" आणि पन्नास माणसं पन्नास दिशांना हात करत. शेवटी एक आजीबाई त्याच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "यांचं ऐकू नकोस रे, मी सांगते," म्हणत त्यांनी बस मुक्कामाला नेली. स्वतःचा थांबा केव्हाच मागे पडला होता.

दुपारपर्यंत एकेचाळीस तक्रारी आल्या. मॅनेजर म्हणाले, "पाचला सगळ्या ड्रायव्हरांसमोर माफी मागा. आणि सोमवारपासून कॉलेज विसरा."

मास्तरांनी घरी फोन केला. बायकोने सगळं ऐकून घेतलं. "माफी मागायची तर जेवून मागा," ती म्हणाली. "उपाशी माणूस फार लांबण लावतो."

पाचला मास्तर उभे राहिले. "चूक माझी आहे, कॉम्प्युटरची नाही," ते म्हणाले. "उद्यापासून तक्ता हाताने. पूर्वीसारखा."

मागून, सगळे ज्याला पहिलवान म्हणत तो दांडगा ड्रायव्हर पुढे आला.

"मास्तर, नऊ वर्षं मी खाणीच्या मार्गावर धूळ खातोय. आज नदीकाठी गेलो. खिडकीतून गार वारा! हा मार्ग आपल्याच डेपोत आहे, हे माहीत होतं, पण असा असतो हे माहीत नव्हतं."

घड्याळ खाली बघत होता. "याची बस कायम मळकी म्हणून मी याला हसायचो," तो म्हणाला. "आज माझी धुवायला तास लागला."

आणि मग मौनीबाबा बोलायला लागला. आवाज बसलेला, तरी दहा मिनिटं थांबेना. आजीबाईंच्या गुडघ्यांपासून नातवाच्या परीक्षेपर्यंत सगळं त्याने सांगितलं. "पूर्वीसारखा नको," शेवटी तो म्हणाला. मागून चाळीस गळे एकदम ओरडले, "नकोच!"

मॅनेजरांनी तक्रारवही चाळली. दुपारनंतरची एकच नोंद होती, आणि तीही तक्रार नव्हे: विचारून विचारून बस चालवणारा तो मुलगा उद्याही पाठवाल का? त्यांनी वही मिटली.

"मार्ग महिन्याला बदला," ते म्हणाले. "पण आदल्या दिवशी रस्ता दाखवून! आणि मास्तर, सहा वाजत आले. निघा की."

वर्गात मॅडमना चूक सापडायला मिनिटही लागलं नाही. "काका, नाव आणि मार्ग जोडीने हलवायचे होते. एका ओळीची दुरुस्ती." त्यांनी ती ओळ लिहून दिली. "झालं. आता हा गोंधळ पुन्हा कधीच होणार नाही."

मास्तर जागचे हलेनात.

"ते उत्तमच झालं, मॅडम," ते घसा खाकरून म्हणाले. "पण दर महिन्याच्या एक तारखेला हाच गोंधळ मुद्दाम करायचा असेल, तर तो कितव्या धड्यात आहे?"