वाहत्या पाण्याचा अर्ज

नऊ नोकऱ्या कागदावर एकाखाली एक मांडल्या, तेव्हा पाहुण्याला स्वतःलाच कसंसं झालं. घरात त्याला पाहुणा म्हणत, कारण सात वर्षांत तो कुठल्याच कामावर पाहुण्याहून जास्त टिकला नव्हता. पण या वेळची गोष्ट निराळी होती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याच्या दुकानात, खिडकीशी, एक बाकडं रिकामं झालं होतं आणि त्या बाकड्यावर त्याचा जीव जडला होता. बंद घड्याळ तळहातावर घेतलं की त्याला निजलेलं लेकरू मांडीवर घेतल्यासारखं वाटे.

"हे वाचून तुला दारात तरी उभं करतील का?" ताईने कागद ओढून घेतला.

ताई अकरा वर्षं जुन्या फर्निचरच्या एकाच दुकानात होती. मालावरच्या चिठ्ठ्या लिहिणं हे तिचं काम. डुगडुगत्या खुर्चीला ती ‘झुलती बैठक’ म्हणे, दार न लागणाऱ्या कपाटाला ‘सदा हवेशीर’. भावालाही तिने त्याच हाताने पॉलिश केलं. तीन गोदामांतून तो पळाला होता, त्याचा ‘चौफेर अनुभव’ झाला. छापखान्यात मुकादमाशी वाजलं होतं, ते ‘ठाम मतांचा’ झालं. चार दिवसांत सोडलेली बेकरी ‘कामाचं मर्म झटकन जाणणारा’ या ओळीत विरघळून गेली. आणि शेवटी, ‘नव्याची ओढ असलेला, वाहत्या पाण्यासारखा निर्मळ माणूस.’

वाचून पाहुण्याला स्वतःचाच हेवा वाटला.

म्हाताऱ्याने कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढून अर्ज दोनदा वाचला आणि हळहळत परत दिला. एवढ्या गुणी माणसाला खिडकीशी कोंडणं पाप होईल, असं त्याचं म्हणणं पडलं. इथे तीच स्प्रिंग, तेच चाक, वीस-वीस वर्षं. वाहतं पाणी डबक्यात कशाला अडवायचं?

आता आली का पंचाईत! बाकडं हवं तर आपली स्तुती आपल्याच हाताने उसवायला हवी. पाहुण्याने ओळीवर बोट ठेवलं आणि टाका टाका सोडवत गेला. चौफेर अनुभव म्हणजे तीन गोदामांत पोत्यांवर लागलेली झोप. ठाम मत म्हणजे मुकादमाला सर्वांदेखत गाढव म्हटलं ते. मर्म जाणलं म्हणजे, बेकरीत पहाटे उठावं लागतं हे कळलं.

"आणि हे निर्मळ?"

"ते आईचं मत आहे. ताईने उचललं."

"म्हणजे तुम्ही कुठेच टिकत नाही."

"आजवर नाही टिकलो, काका. पण इथे बसलो तर उठवल्याशिवाय उठायचो नाही."

 म्हाताऱ्याने मागच्या खोलीचा पडदा सरकवला. आत साठ नवी घड्याळं धूळ खात होती. सगळी दिवसाला दहा मिनिटं मागे पडणारी. कितीही खटपट केली तरी सुधारेनात.

"ज्या हाताने तुमचं एवढं सोनं केलं, तो हात मला पाहिजे," म्हातारा म्हणाला. "ताईंना आणा, बाकडं तुमचं."

ताई फणफणली. अकरा वर्षांची नोकरी अशी सोडायला मी काय पाहुणा आहे का, असं तिने विचारलं. पाहुणा तिच्या घरच्या घड्याळाला तेल घालत बसून राहिला.  तिसऱ्या दिवशी बहीणच ती, विरघळली.

‘घाईच्या जगात रोज दहा मिनिटं विसावा देणारं घड्याळ’ अशी चिठ्ठी तिने लावली आणि दोन महिन्यांत मागची खोली रिकामी झाली. खोली रिकामी झाली तशी ताईलाही करमेना. ती चपलांच्या दुकानात गेली. तिथून प्रवास कंपनीत, तिथून रंगांच्या कारखान्यात. आई हल्ली ती आली की विचारते, "आज कुठून आलीस गं?"

पाहुणा मात्र खिडकीशी रुजला. आता तीन वर्षं झाली.

परवा ताई पुन्हा एक अर्ज घेऊन आली. अर्जाखाली ओळखीच्या माणसाची सही हवी होती, आणि एकाच ठिकाणी तीन वर्षं टिकलेला जबाबदार माणूसच चालणार होता. सगळं गणगोत धुंडाळून झालं होतं. बाकड्यासमोर ती पदराशी चाळा करत उभी राहिली.

पाहुण्याने हातातलं घड्याळ सावकाश खाली ठेवलं आणि डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं.

"बस," तो म्हणाला. "आधी वाचून बघतो."